काट्यावरच्या संगणकाला पत्ता कोण देतंय?

गाळप हंगामात उसाच्या गाड्यांचा वजनकाटा थांबला की सगळं थांबतं. भरलेली गाडी वजन झाल्याशिवाय गव्हाणीकडे जात नाही आणि रिकामी झालेली गाडी पुन्हा वजन झाल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. या दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. रांगेत उभ्या ट्रॉलीतला तोडलेला ऊस उन्हात वाळत असतो, त्याचं वजन घटत असतं, आणि ते नुकसान ज्यानं वर्षभर तो ऊस सांभाळला त्याचंच असतं. मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम करते. आमच्याकडे त्याला अजून सगळे ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) याच जुन्या नावानं ओळखतात. काट्याच्या खोलीतून फोन आला की हातातलं काम टाकून उठायचं, हा आमचा पहिला नियम आहे.

या हंगामात तो फोन फार वेळा यायला लागला. तक्रार दर वेळी तीच. "मॅडम, सर्व्हर दिसत नाही बघा." सर्व्हर म्हणजे वजनाच्या नोंदी जिथे जमा होतात तो मुख्य संगणक. काटा क्लार्क संगणक बंद करून परत चालू करायचा. कधी लगेच जमायचं, कधी जमायचंच नाही. तोवर हाती पावत्या लिहायच्या आणि मग रात्री त्या संगणकात चढवायच्या. हाती पावती म्हणजे चुकीला वाट, आणि वजनाच्या आकड्यातली चूक गावात कुणी विसरत नाही.

विजेचा दोष आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. हंगामात आमची वीज आमच्याच टर्बाइनची. कधी काही कारणानं ती बाहेरच्या लाइनवर घ्यावी लागते, तेव्हा यार्डातले दिवे मिचकावतात, आणि दिवे मिचकावले की पाठोपाठ काटा अडकतो. हे मी स्वतःही पाहिलं होतं. संगणकाला यूपीएस होताच. तरी यूपीएस बदलून झाला, अर्थिंग तपासून झालं, खोलीतल्या नेटवर्क केबलचं टोक नव्यानं लावून झालं. यातलं काहीही वाईट झालं नाही, आणि अडचणही गेली नाही.

मला खटकत होतं ते वेगळंच. प्रत्येक वेळी आम्ही तिथे पोचेपर्यंत कुणीतरी संगणक रिस्टार्ट केलेला असायचा. बिघाड ज्या अवस्थेत झाला ती अवस्था पुसली गेल्यावर तपासायचं काय? म्हणून मी तिन्ही पाळ्यांच्या क्लार्कना सांगितलं की आता अडकला तर काहीही दाबू नका, फक्त मला बोलवा. रांगेचं मी शेतकी विभागाशी बोलते. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड होतं, कारण बाहेर ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत असतात. पण दुपारच्या पाळीतल्या क्लार्कनं ते केलं, आणि पुढचं सगळं त्यामुळे सापडलं.

मी पोचले, काळी खिडकी उघडली आणि आयपीकॉन्फिग /ऑल ही नेटवर्कची माहिती दाखवणारी आज्ञा दिली. पडद्यावर आलेल्या ओळींचा आधी मोबाइलवर फोटो काढला, मग वाचायला घेतल्या. पत्ता, म्हणजे नेटवर्कवर या संगणकाची ओळख असलेला आकडा, १९२.१६८.०.१०४. गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, १९२.१६८.०.१. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा, तोच. आणि डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे हे पत्ते वाटणारा, या ओळीपुढेही १९२.१६८.०.१.

आमच्या कारखान्यात असा पत्ताच नाही. आमचं नेटवर्क १९२.१६८.१०नं सुरू होतं. पत्ते वाटणारा विंडोज सर्व्हर शेवटी ५ असलेला, इंटरनेटकडे जाणारा फायरवॉल शेवटी १ असलेला. या संगणकाला कुणीतरी परक्यानं पत्ता दिला होता, आणि त्या पत्त्यावरून वजनाच्या सर्व्हरकडे जायला रस्ताच नव्हता. केबल ठीक, स्विच ठीक, सर्व्हर ठीक, आणि तरी सर्व्हर दिसत नाही.

त्याच पडद्यावर आणखी एक खूण होती. पत्ता कधी मिळाला आणि कधीपर्यंत चालेल, या दोन वेळांत बरोबर दोन तासांचं अंतर होतं. आमचा सर्व्हर आठ दिवसांसाठी पत्ता देतो. विंडोज सर्व्हरमध्ये मुळात तीच मुदत ठरवलेली असते. दोन तास ही काही घरगुती राउटरची सवय. तेव्हाच मला अंदाज आला की आपण एखाद्या बिघडलेल्या यंत्राच्या नाही, तर व्यवस्थित चालणाऱ्या पण चुकीच्या जागी बसलेल्या डब्याच्या मागे आहोत.

आधी रांग. काट्याच्या दोन्ही संगणकांना मी हातानं पत्ते दिले. सर्व्हर ५० ते २२० या टप्प्यातले पत्ते वाटतो, म्हणून त्याबाहेरचे २१ आणि २२ घेतले, डीएनएसही हातानंच भरला. लगेच वजनाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पहिली गाडी काट्यावर चढली. हा उपाय नव्हता, पण काट्यावर आता कुणाची कुरघोडी चालणार नव्हती, आणि मला शांतपणे शोधायला वेळ मिळाला.

इथे डीएचसीपी कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोम त्यातच आहे. संगणक चालू होतो तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता माहीत नसतो आणि पत्ते कोण देतं हेही माहीत नसतं. म्हणून तो सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाक मारतो: डिस्कव्हर. ज्याच्याकडे पत्ते आहेत तो ऑफर देतो. संगणक त्यातली एक ऑफर निवडून रिक्वेस्ट करतो, आणि तो देणारा ॲक देऊन शिक्का मारतो. यात कुठेही देणाऱ्याची ओळख विचारली जात नाही. अनोळखी गावात एसटीतून उतरावं, चौकात मोठ्यानं पत्ता विचारावा आणि जो पहिला बोलेल त्याच्यामागे चालू लागावं, तसा हा व्यवहार आहे. बहुतेक संगणक पहिली आलेली ऑफरच घेतात. हे काही लपलेलं नाही. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेलं आणि १९९७मध्ये प्रसिद्ध झालेलं आरएफसी २१३१ हे या पद्धतीचे नियम सांगणारं मानक. ही पद्धत बरीच असुरक्षित आहे आणि अनधिकृत सर्व्हर सहज उभा करता येतो, हे त्यातच स्पष्ट म्हटलेलं आहे. पुढे २००१मध्ये ओळख पटवण्याची सोयही सुचवली गेली, पण ती प्रत्यक्षात कुणी फारशी वापरली नाही.

मग विजेचं काय? दिवे मिचकावले की काटा अडकतो, हे तर खरंच होतं. त्याचं उत्तर मला वायरशार्कमध्ये, म्हणजे नेटवर्कवरचं बोलणं टिपून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मिळालं, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त आवडलेला भाग तोच आहे.

एकदा पत्ता मिळालेला संगणक निम्मी मुदत संपली की ज्यानं पत्ता दिला त्यालाच थेट विचारतो, "हाच पुढे चालू ठेवू का?" त्यात परक्याला बोलायला जागा नाही. म्हणून दिवसभर चालू असलेले संगणक सुखात होते. पण केबल निघून परत लागली किंवा संगणक नव्यानं सुरू झाला, तर तो सर्वांना ऐकू जाईल असं विचारतो, "माझा जुना पत्ता अमुक होता, तो चालेल ना?" या विचारण्यात कुठल्या सर्व्हरचं नाव नसतं. ते ऐकून परका राउटर बघतो की हा पत्ता आपल्या टप्प्यातला नाही, आणि ठामपणे नकार पाठवतो. त्याला नॅक म्हणतात. नॅक आला की संगणक हातातला चांगला पत्ता टाकून देतो आणि पहिल्यापासून हाक मारतो. मग शर्यत लागते.

काट्याचा संगणक यूपीएसवर होता, पण यार्डातला छोटा स्विच नव्हता. वीज मिचकावली की तो स्विच बंद होऊन सुरू व्हायचा, संगणकाच्या दृष्टीनं केबल निघून परत लागायची, आणि पुढची सगळी साखळी सुरू व्हायची. शर्यतीत आमचा सर्व्हर मागे पडत होता, कारण पत्ता देण्याआधी तो कुणी वापरत नाही ना हे पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला साद घालून, पाहण्याची सोय त्यावर चालू होती आणि त्यात त्याचा वेळ जायचा. घरगुती राउटर जवळच होता आणि त्याचं उत्तर तयारच असायचं. कधी आमचा सर्व्हर जिंकायचा, कधी तो. म्हणूनच रिस्टार्ट केल्यावर कधी जमायचं आणि कधी नाही.

वायरशार्क लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्विच असलेल्या नेटवर्कवर दुसऱ्याची हाक तुम्हाला ऐकू येते, पण त्याला मिळालेलं उत्तर बहुतेक वेळा फक्त त्याच्याकडे जातं. बाजूला बसून ऐकत राहिलं तर अर्धंच संभाषण दिसतं. म्हणून मी लॅपटॉप यार्डातल्या स्विचला लावला, वरच्या पट्टीत डीएचसीपी असं गाळणं घातलं (जुन्या आवृत्त्यांत त्याला बूटपी म्हणावं लागे) आणि माझाच पत्ता सोडून परत मागितला. एका डिस्कव्हरला दोन ऑफर आल्या. प्रत्येक ऑफरमध्ये ५४ क्रमांकाचा पर्याय असतो, त्यात देणारा स्वतःची ओळख लिहितो. एकात १०.५नं संपणारा आमचा, दुसऱ्यात ०.१. नंतर खात्रीसाठी नेटवर्क तपासणाऱ्या एनमॅप या सॉफ्टवेअरमधली ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर नावाची स्क्रिप्टही चालवली. तिचा फायदा असा की तुमचा पत्ता न बदलता ती हाक मारते आणि कोण कोण काय देऊ करतंय ते छापून दाखवते. ती थोड्या थोड्या वेळानं पुन्हा चालवावी, कारण गुन्हेगार कायम जागेवर असेलच असं नाही.

आता तो कुठे आहे, हा प्रश्न. लॅपटॉपला मी हातानं १९२.१६८.०.२५० हा जादा पत्ता दिला, ०.१ला पिंग केलं आणि एआरपी -ए या आज्ञेनं त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक, काढला. मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणाऱ्या कंपनीचं नाव कळतं. निघाली घरगुती राउटर बनवणारी, सगळ्यांच्या ओळखीची एक कंपनी. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकल्यावर लॉगिनचं पान उघडलं. अशा राउटरना मुळात दिलेले असतात ते नेहमीचे पासवर्ड टाकून आत शिरण्याचा मोह होतो, पण मी तो टाळला. तो डबा कुणाचा, त्यावर कुणाचं काय चालू आहे, हे कळण्याआधी त्यात हात घालणं मला पटत नाही.

सर्व्हर रूममधला मुख्य स्विच मॅनेज्ड आहे, म्हणजे त्याला माहिती विचारता येते. त्याच्या मॅक तक्त्यात तो मॅक कोणत्या पोर्टवरून येतोय ते लगेच दिसलं: यार्डाकडे जाणारी फायबर. इथवर सगळं खुर्चीत बसून झालं. पण फायबरच्या पलीकडे साधे स्विच आहेत, एकाला जोडलेला दुसरा, आणि त्यांना काही विचारता येत नाही. तिथे केबल काढूनच बघावं लागतं.

विद्युत विभागातले वायरमन मामा मदतीला आले. मी काट्याच्या खोलीत पिंग -टी, म्हणजे न थांबणारा पिंग, लावून बसले, ते यार्डातल्या स्विचच्या पेटीपाशी. फोन कानाला.

"मामा, काट्याच्या दोन केबलींना हात लावू नका. त्या सोडून एकेक काढा."

"काढली."

"अजून उत्तर येतंय. परत लावा."

"लावली. ही दुसरी... काढली."

"येतंयच."

"आता ही निळी. हिच्यावर काही लिहिलेलं नाही बघा."

पिंग थांबला. "मामा, हीच. परत लावा एकदा." परत उत्तरं सुरू झाली. ती केबल कुठे जाते हे कुठल्याच नकाशावर नव्हतं. मामा तिच्या मागे मागे भिंतीनं चालत गेले आणि ऊस विकासाच्या छोट्या ऑफिसात, नोंदवह्यांच्या कपाटामागे पोचले. तिथे खिडकीच्या कट्ट्यावर दोन अँटेनांचा पांढरा राउटर होता.

त्याची कथा साधी होती. चिटबॉय शेतावरून येतात, तोडीच्या नोंदी मोबाइलवरून चढवतात, आणि यार्डाच्या त्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज नसते. मागच्या हंगामात तिथल्या एका कर्मचाऱ्यानं घरचा जुना राउटर आणून लावला. केबल इंटरनेटच्या म्हणजे वॅनच्या खाचेत होती, आणि तेव्हा त्याचा कुणालाच त्रास नव्हता. अशा जोडणीत राउटर आमच्या नेटवर्ककडून स्वतः एक पत्ता घेतो आणि स्वतःचे पत्ते फक्त आपल्या वायफायवरच्या मोबाइलना वाटतो. हंगामाआधी ऑफिसला रंग दिला, तेव्हा सगळं काढलं गेलं, आणि परत लावताना केबल बाजूच्या लॅनच्या खाचेत गेली. चारपैकी कोणतीही लॅनची खाच म्हणजे राउटरची आतली बाजू. तिथे आमचं नेटवर्क जोडल्याबरोबर त्याला सगळा कारखानाच आपल्या घरातला वाटायला लागला आणि तो इमानेइतबारे सगळ्यांना पत्ते वाटायला बसला.

विशेष म्हणजे त्या ऑफिसातूनही हंगामभर तक्रार होती: वायफाय कधी चालतं, कधी चालत नाही. मोबाइलला आमच्या सर्व्हरचा पत्ता मिळाला तर चालायचं, राउटरचा मिळाला तर नाही, कारण त्याच्या वॅनच्या खाचेत काहीच नव्हतं. काट्याची तक्रार ईडीपीकडे येत होती, वायफायची तक्रार ऑफिसातच विरत होती. दोन्ही शेजारी ठेवल्या असत्या तर पहिल्याच दिवशी उलगडलं असतं.

शेतकी अधिकारी साहेब आधी जरा बचावात गेले. "मॅडम, पोरांची सोय म्हणून लावलं होतं. काढून टाकतो आत्ता."

"साहेब, काढू नका. पोरांना नेट लागतंच. मी नीट लावून देते, फक्त यापुढे भिंतीला काही जोडायचं झालं तर आम्हाला एक फोन करा."

मला हे मनापासून वाटतं. असा राउटर कुणी खोडसाळपणानं लावत नाही. जिथे आपण सोय दिलेली नसते तिथेच तो उगवतो. दम देऊन तो काढायला लावला तर पुढच्या वेळी कपाटामागे नाही, छताच्या वर लपवला जाईल. मी केबल वॅनच्या खाचेत लावली, राउटरला आमच्या टप्प्याबाहेरचा एक ठरावीक पत्ता दिला, आणि संध्याकाळच्या पाळीचे चिटबॉय आले तेव्हा त्यांचं चालू होतं. ज्या संगणकांकडे चुकीचे पत्ते होते ते दोन तासांत आपोआप सुधारले असते. तातडीच्या ठिकाणी आयपीकॉन्फिगनं जुना पत्ता सोडून नवा मागितला.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. दोन दिवसांनी भांडार विभागातून फोन आला. "सर्व्हर दिसत नाही." पाठोपाठ डिस्टिलरीच्या ऑफिसातून. तेच शब्द. लगेच कुणीतरी म्हणालं, "तो राउटर परत कुणी फिरवला का बघा."

भांडारातल्या संगणकावर पत्ता होता १६९.२५४नं सुरू होणारा. तक्रार तीच असली तरी हा आजार पूर्ण वेगळा. १६९.२५४ हा टप्पा कुठलाच सर्व्हर वाटत नाही. हाक मारून मारून कुणीच उत्तर दिलं नाही की संगणक स्वतःच त्यातला एक पत्ता घेऊन बसतो. काट्यावर चुकीच्या माणसानं उत्तर दिलं होतं, इथे कुणीच दिलं नव्हतं. दोन्हींची लक्षणं सांगणाऱ्याला सारखी दिसतात, पण पडद्यावरचा एक आकडा त्यांना वेगळं करतो. म्हणून मी आता नव्या मुलांना सांगते की सर्व्हर दिसत नाही असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, "तुमचा पत्ता काय आलाय आणि तो दिलाय कुणी?"

उत्तर का नाही? विंडोजचा डीएचसीपी सर्व्हर आठवड्याच्या प्रत्येक वाराची एक नोंद-फाइल ठेवतो. त्यातल्या प्रत्येक ओळीला क्रमांक असतो: नवा पत्ता दिला की १०, मुदत वाढवली की ११, आणि टप्प्यातले पत्ते संपल्यामुळे देता आला नाही तर १४. त्या फाइलमध्ये १४ क्रमांकाच्या ओळी रांगेनं होत्या. ५० ते २२० म्हणजे १७१ पत्ते, आणि सगळे वाटून झालेले. कुणाला? यादी वाचली तर बहुतेक मोबाइल. मुख्य इमारतीतलं वायफाय आधीपासूनच थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेलं आहे. हंगामात बिलाची चौकशी करायला येणारे सभासद, ठेकेदार, गाडीमालक, सगळे त्याचा पासवर्ड एकमेकांना देतात. माणूस दहा मिनिटांत निघून जातो, पत्ता मात्र आठ दिवस त्याच्या नावावर राहतो.

भांडारातला संगणक नवा होता आणि डिस्टिलरीतला क्वचितच चालू व्हायचा, म्हणून त्यांच्या नावावर जुना पत्ता शिल्लक नव्हता. रोजचे संगणक आपापल्या मुदती वाढवत होते, त्यांना झळ नव्हती. आणि ही टंचाई आधी का दिसली नाही? कारण आमचा सर्व्हर गप्प बसायचा तिथे तो पांढरा राउटर उत्तर द्यायचा. आम्ही तो बाजूला केला आणि त्याच्यामागे झाकलेली अडचण उघडी पडली.

तात्पुरतं म्हणून निघून गेलेल्या मोबाइलचे पत्ते सर्व्हरवरून मोकळे केले. मग कायमची व्यवस्था लावली. मोबाइलसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क, केला, त्याला १९२.१६८.२०नं सुरू होणारा वेगळा टप्पा दिला आणि मुदत फक्त दोन तासांची ठेवली. आठ दिवसांची मुदत टेबलावर बसणाऱ्या संगणकाला शोभते, येणाऱ्याजाणाऱ्या मोबाइलला नाही. हाक एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जात नाही, म्हणून मुख्य स्विचवर रिले लावला. तो हाक ऐकतो, कोणत्या भागातून आली ते तिच्यावर नोंदवतो आणि आमच्या सर्व्हरकडे नेतो. सर्व्हर त्या नोंदीवरून योग्य टप्प्यातला पत्ता देतो. चिटबॉयचं वायफायही नंतर याच व्हीलॅनमध्ये आणलं. वजनाचा सर्व्हर आणि पाहुण्यांचे मोबाइल एका नेटवर्कवर असणं मला मुळातच धोक्याचं वाटत होतं.

दुसरं काम डीएचसीपी स्नूपिंगचं. बैठकीत एकानं विचारलं की विंडोज सर्व्हरला डोमेनमध्ये, म्हणजे आपल्या संगणकांच्या विंडोज गटात, अधिकृत करावं लागतं ना, मग परका सर्व्हर चाललाच कसा? प्रश्न रास्त होता. पण ती परवानगी विंडोज सर्व्हर स्वतःहून विचारतो आणि नसेल तर स्वतःहून गप्प बसतो. दुकानातून आणलेला प्लास्टिकचा डबा कुणालाच विचारत नाही. त्याला अडवायचं तर स्विचवरच. स्नूपिंगमध्ये आपण सांगतो की ऑफर आणि ॲक फक्त अमुक पोर्टवरून येऊ शकतात. बाकी कुठूनही आले तर स्विच ते टाकून देतो. ही सोय बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये असते आणि मुळात बंद असते. चालू करण्याआधी सर्व्हरकडे जाणारा आणि दुसऱ्या स्विचमार्गे सर्व्हरकडे नेणारा प्रत्येक पोर्ट विश्वासातला म्हणून नोंदवावा लागतो; एक जरी राहिला तर त्यापलीकडच्या सगळ्यांना १६९.२५४. मी कागदावर नकाशा काढून, मामांबरोबर प्रत्येक केबल हातानं पडताळून, साफसफाईसाठी गाळप थांबतं त्या दिवशी ते चालू केलं.

त्याचा उपयोग लवकरच दिसला. मुख्य स्विचच्या नोंदींत लेखा विभागाच्या एका पोर्टवरून आलेली ऑफर टाकून दिल्याचं आलं. तो पोर्ट थेट मुख्य स्विचला आहे. जाऊन पाहिलं तर बाहेरून आलेल्या एका लेखापरीक्षकांच्या लॅपटॉपवर इंटरनेट वाटून देण्याची सोय चालू राहिली होती आणि केबलवर त्याचा पत्ता १९२.१६८.१३७.१ झाला होता. विंडोज अशा वेळी हाच पत्ता घेतं. त्यांना सांगितलं, त्यांनी लगेच बंद केलं. शेजारच्या टेबलांवर बिलांचं काम चालूच होतं.

यार्डात मात्र हे संरक्षण अजून पुरतं नाही. फायबरच्या पलीकडून येणारी खोटी ऑफर मुख्य स्विच अडवतो, म्हणजे बाकीचा कारखाना सुरक्षित आहे. पण एकाच साध्या स्विचला लागलेल्या दोन संगणकांमधलं बोलणं मुख्य स्विचपर्यंत येतच नाही. म्हणून यार्डातले साधे स्विच काढून तिथे मॅनेज्ड स्विच आणि त्यांना यूपीएस द्यावा असा प्रस्ताव मी खर्चाच्या तपशिलासह दिला आहे, आणि पुढच्या हंगामाच्या दुरुस्तीकामांत तो धरला आहे. ते बसेपर्यंत काट्याच्या दोन्ही संगणकांचे पत्ते हातानं दिलेलेच राहतील. निळ्या केबलला मामांनी दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या आहेत, आणि बाकीच्या केबलींच्या चिठ्ठ्यांचं काम सुरू आहे.